जाड राख

ताई प्रयोगशाळेत आली ती पुढच्या दाराने, इतर गिऱ्हाइकांसारखी. एरवी ती मागच्या दाराने येत असे, आणि आल्या आल्या ‘जेवलास का’ असे विचारून माझ्या टेबलावरची धूळ तळहाताने झटकत असे. त्या दिवशी ती नमुने घेण्याच्या खिडकीसमोर रांगेत उभी राहिली. तिच्यापुढे सिमेंटच्या कारखान्याचा माणूस होता आणि त्याच्यापुढे एक विटावाला. तिची पाळी आली तेव्हा मी मान वर केली. तिने पिशवीतून औषधाची एक धुतलेली बाटली काढली आणि खिडकीच्या फळीवर ठेवली. बाटलीत पांढुरकी पूड होती.

“तपासून दे,” ती म्हणाली.

“ताई, आत ये ना. इथे काय उभी राहिलीस?”

“आत नको. आत आले की तू मला बसवशील, पाणी देशील आणि समजूत घालशील. समजूत घालणारे घरी पुष्कळ येऊन गेले.”

“काय आहे हे?”

“गोटी आहे,” ती म्हणाली. “निदान मी तरी तसं धरून चालले आहे.”

गोटी म्हणजे माझी भाची, ताईची आणि दाजींची एकुलती एक मुलगी. लहानपणी गोल, गुळगुळीत आणि हातातून सदा निसटणारी होती म्हणून तिला ते नाव पडले, आणि ती कॉलेजात जाऊ लागल्यावरही ते सुटले नाही. गेल्या वर्षी एका तापाने तिला नेले. ताप अंगातून मेंदूत शिरला, आणि डॉक्टरांना त्याचे नाव सापडेपर्यंत नाव सापडण्याचा काही उपयोग उरला नव्हता.

मी खिडकी बंद केली, बाहेर जाऊन ताईला दंडाला धरून आत आणले. ती बसली, पाणी मात्र तिने घेतले नाही.

“मी रोज तिच्या राखेच्या बरणीत हात घालते,” ती म्हणाली. “हसू नकोस.”

“मी हसत नाही.”

“स्मशानात राख हातात दिली तेव्हा मी ती चिमटीत धरून पाहिली होती. बारीक खर होती, रव्यासारखी. एक टोकदार कण बोटाला टोचलाही. आता बरणीतली मऊ लागते. पीठ भरल्यासारखी. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, तुझ्या हाताला सवय झाली असेल. डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. दोनातलं एकच खरं असणार. एक तर बरणीतलं बदललंय, नाही तर मी बदलले आहे.”

“ताई, माणूस दुःखात असला की स्पर्शाच्या आठवणीचं…”

“वाद नको. आई म्हणायची ते खोटं नव्हतं, ह्याला पाणी ओलं आहे म्हटलं तरी पुरावा मागेल. आता मी पुरावा मागायला आले आहे तर तूच समजुतीच्या गोष्टी करतोस. वेड लागलं असेल तर वेड लागलंय असं सांग. गोळ्या घेईन. पण मला कळू दे.”

मी बाटलीवर तारीख घातली.

ताई आणि दाजींचा कपबश्यांचा छोटा कारखाना आहे. ज्या पांढऱ्या, पातळ, उजेडाकडे धरल्यास बोटांची सावली दाखवणाऱ्या कपांना लोक बोन चायना म्हणतात, ते कप ते बनवतात. त्यांच्या मातीत जवळजवळ निम्मा हिस्सा हाडांच्या राखेचा असतो. गुराढोरांची हाडे धुऊन, प्रखर भट्टीत जाळून, बारीक दळून ही राख पोत्यांनी विकली जाते. प्रत्येक नव्या पोत्यातला चिमूटभर नमुना दाजी माझ्याकडे तपासायला पाठवत आले आहेत. साचे, भट्टी आणि गिऱ्हाइके दाजींची. वजन, चाळणी आणि मिश्रण ताईचे. ही वाटणी लग्नापासूनची. दाजींनी एकदा स्वतः मिश्रण करून पाहिले होते, त्या मातीच्या बश्या भट्टीत पापडासारख्या वाकल्या, आणि पुढे कित्येक वर्षे घरात कोणी चुकले की गोटी म्हणायची, ‘बाबांची बशी झाली.’

मिश्रणाविषयी लोकांचा एक गैरसमज असतो. दोन पांढऱ्या पुडी एकत्र झाल्या की दोघींचे वेगळेपण संपले, असे त्यांना वाटते. ते संपत नाही. डोळ्यांच्या टप्प्याबाहेर जाते, इतकेच. डोळ्यांना न दिसणारा, उष्णतेच्या जातीचा प्रकाश पुडीतून जाऊ दिला, तर प्रत्येक खनिज त्यातला आपापला हिस्सा गिळते, आणि उरलेल्या प्रकाशाची जी चढउतारांची रेघ उमटते तिला आम्ही वर्णपट म्हणतो. मिश्रणाची रेघ ही घटकांच्या रेघांची, ज्याच्या त्याच्या प्रमाणात केलेली, बेरीज असते. शुद्ध घटकांच्या रेघा हाताशी असल्या, तर वजाबाकी करत करत कोणाचा हिस्सा किती, हे काढता येते. या एका वजाबाकीवर मी आजवर पोट भरले आहे.

गोटीला या विद्येची फार मौज वाटे. तिने एकदा कागदाच्या पुडीत दंतमंजन आणून मला पैज लावली होती. मी सत्तर टक्क्यांहून जास्त खडू काढून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे मामा, इतकी वर्षं मी फळ्यासारखे दात पुसते आहे.” त्या दिवसापासून मी टक्केमामा झालो, आणि दाजींनी ते उचलून ‘टक्केवाले’ केले.

परंतु या नमुन्यात एक अडचण होती, आणि ती साधी नव्हती. जनावराचे हाड आणि माणसाचे हाड यांत खनिज म्हणून भेद नाही. दोन्हींत एकच फॉस्फेट. हे कोणाचे, असा प्रश्न वर्णपटाला विचारता येत नाही. विचारला तर तो गप्प बसतो. मात्र हे कितपत जळले, हे तो सांगतो. पोत्यातली राख फार तापलेली असते. तिच्या रेघेवरची शिखरे सुईसारखी धारदार असतात. कमी आचेवर जळलेल्या हाडात थोडे कार्बोनेट चिकटून राहते आणि शिखरांचे खांदे उतरते असतात.

आणि आच किती होती हे मला ठाऊक होते. गोटीची राख पत्र्याच्या डब्यातून हातात देण्यात आली, त्या वेळी दाजींनी तिथल्या भट्टीवाल्याला विचारले होते, “किती डिग्रीला चालवता?” जमलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले. भट्टीवाला गोंधळून म्हणाला, “आठशेच्या आसपास.” दाजींनी मान हलवली आणि ते पुटपुटले, “कमी आहे.” दुःखाने दाजींचे डोके फिरले, असे दोघातिघांनी मला नंतर हळूच सांगितले. मला तसे वाटले नव्हते. बुडणाऱ्याचे पाय जिथे तळ लागेल तिथे टेकतात; दाजींचे पाय भट्टीच्या आचेवर टेकले होते.

“ताई,” मी म्हणालो, “तो पत्र्याचा डबा आहे का अजून?”

“आहे. तिच्या केसांच्या पिना ठेवल्या आहेत त्यात. कशाला?”

“शिवणीत थोडी राख अडकली असेल. बरणीतली नव्हे, ती नक्की तिची.”

तिने डबा आणून दिला. पिना तिने रुमालात बांधून घेतल्या होत्या.

शिवणीत अडकलेली राख मी रंगकामाच्या बारीक कुंचल्याने काढली. नखावर मावेल एवढी निघाली. वर्णपटासाठी पूड फार बारीक घोटावी लागते, कारण जाड कण प्रकाश भलतीकडे विखुरतात आणि रेघ बिघडते. हे मी नव्या माणसांना शिकवतो, आणि हात राखून घोटणाऱ्याला रागावतो. त्या दिवशी अकीक दगडाच्या खलात ती चिमूट टाकून मी बत्ता उचलला, आणि तो खाली येईना. खनिज आहे, मी स्वतःला म्हणालो. ज्या अर्थाने गोटी गोटी होती त्या अर्थाने यात काहीही उरलेले नाही. युक्तिवाद बिनतोड होता. त्याने हात हलला नाही. शेवटी मी डोळे मिटले आणि घोटले. कणांचा कुरकुर आवाज आला, हळूहळू कमी झाला, मग थांबला.

पोटॅशियम ब्रोमाइडच्या मिठात ती पूड मिसळून, दाबयंत्रात दाबून, मी शर्टाच्या बटणाएवढी पारदर्शक चकती केली. तशीच एक बाटलीतल्या पुडीची, आणि एक पोत्यातल्या राखेची. पोत्यातल्या राखेचे जुने नमुने माझ्या मांडणीवर होतेच. तिन्ही रेघा काढल्या. पडद्यावर बाटलीची रेघ उमटली आणि वजाबाकी करण्याच्या आधीच मला दिसले की ती दोघींच्या मधून चालली आहे; खांदे उतरलेले, पण पुरते नव्हेत; शिखरे धारदार, पण पुरती नव्हेत. मी वजाबाकी केली. पुन्हा नवी चकती करून पुन्हा केली. बाटलीत चाळीस टक्के गोटी होती. साठ टक्के पोत्यातली राख होती. इकडेतिकडे तीन टक्के धरावे.

म्हणजे ताईचे बोट खरे होते.

गिऱ्हाइकाचा निकाल आधी गिऱ्हाइकाच्याच हाती पडला पाहिजे, हा आमच्या प्रयोगशाळेचा नियम मीच घातलेला आहे. मी तो मोडला आणि कारखान्यात गेलो.

साच्यांची फडताळे रिकामी होती. भट्टीचे दार उघडे आणि थंड होते. दाजी मागच्या खोलीत एका निळ्या पिंपाशी उभे राहून लाकडी वल्ह्याने आतले ढवळत होते. पिंपात मातीचे दाट, दुधासारखे पांढरे मिश्रण होते. साच्यांत ओतायच्या या पातळ मातीला कारखान्यात स्लिप म्हणतात.

“आले टक्केवाले,” दाजी म्हणाले. “बस. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, जपून.”

“दाजी, बरणीत काय घातलंत?”

वल्हे थांबले नाही. पिंपाच्या कडेने ते एक फेरा फिरून आले, मग दुसरा.

“तिने तुझ्याकडे आणली?”

“आणली.”

“किती निघालं?”

“साठ टक्के.”

“साठ,” दाजी म्हणाले, आणि एखाद्या जुन्या अंदाजाचा पडताळा मिळावा तशी त्यांनी मान हलवली. “मी निम्मं धरलं होतं.”

मी स्टुलावर बसलो. ते ढवळता ढवळता बोलत राहिले, माझ्याकडे न पाहता.

गोटीची राख आणली तेव्हा ताईने ती घरात घेऊ दिली नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. दाजींना तो पत्र्याचा डबा पाहवेना. त्यांनी स्वतः चाकावर घडवलेल्या दोन मोठ्या झाकणाच्या बरण्या कारखान्यात होत्या, एकाच दिवशी घडवलेल्या, सारख्या. एकीत चाळलेली हाडांची राख असे, किरकोळ वजनासाठी; दुसरी रिकामी होती. त्यांनी गोटीला त्या दुसऱ्या बरणीत ओतले आणि बरणी वरच्या फळीवर, मागे, ठेवली. कारखान्यातल्या सगळ्यांत चांगल्या भांड्यात मुलगी असावी, एवढाच त्यांचा विचार होता.

“मग एके दिवशी ती उठली,” दाजी म्हणाले. “आपण होऊन. वेणी घातली आणि म्हणाली, मी कामावर येते. मला काय झालं असेल सांग. मी तिला इथे आणलं, सगळं काढून दिलं, आणि गिऱ्हाइकाकडे गेलो. मुद्दाम गेलो. म्हटलं, एकटीला हात चालवू दे. परत आलो तर पिंप ढवळून तयार होतं, आणि ती इथे बसून भाकरी… नाही, पाव होता… पाव खात होती. कितीतरी दिवसांनी पोटभर खात होती. मला म्हणाली, खालची बरणी संपली, मी वरची काढली.”

वल्हे आणखी एक फेरा फिरले.

“आणि म्हणाली, ह्या वेळची राख जाड आली आहे. त्या राखवाल्याला सांगा. चाळणीवर राहिलेली मी चक्कीतून फिरवून घेतली.”

वल्हे थांबले. पांढऱ्या पृष्ठभागावर त्याने काढलेला भोवरा हळूहळू मिटत गेला.

“तू असतास तर काय सांगितलं असतंस?” दाजींनी विचारले. “तू वाद घालणारा आहेस. घाल.”

“मग तुम्ही भर घातलीत.”

“पोत्यातली ओतली, पहिली होती तिथपर्यंत. काही दिवसांनी तिनेच म्हटलं, आता तिला घरी आणा. आणली. ती बरणीत हात घालते, आणि मी शेजारी बसून पेपर वाचतो.” ते पुन्हा ढवळू लागले. “हे साच्यांत ओतायचं धाडस झालं नाही. ऑर्डर मोडली. स्लिप नासली असं सांगितलं सगळ्यांना. पण तशीच ठेवली तर तळाशी दगडासारखी बसते. म्हणून रोज येतो.”

“दाजी, तिला वाटतंय, आपल्याला वेड लागलंय.”

“ठाऊक आहे.”

“ती गोळ्या घ्यायला तयार आहे. बरणी बदललेली असताना.”

“ठाऊक आहे म्हटलं ना.” त्यांनी वल्हे पिंपाच्या काठाला टेकवले. “सांग तिला. वेडी नाहीस म्हणून सांग. आणि सांग की माझ्या हातून सांडली, मी लपवलं, भर घातली. सांडली म्हण.”

“वर्णपटात सांडलेलं दिसत नाही.”

“मग वर्णपटाचं नाव घेऊ नकोस. माझं घे. ती मला बोलेल, माहेरी… तुझ्याकडे येऊन राहील. राहू दे. माझ्यावर रागावून ती जगेल. स्वतःवर रागावून नाही जगायची. हे तुझ्या यंत्राला कळत नसेल, तुला तरी कळतं का?”

सत्य सांगावे की दयेने वागावे, यावर मी तरुणपणी एक दीर्घ निबंध लिहिला होता आणि त्यात दोन्ही बाजू समर्थपणे मांडून सत्याच्या पारड्यात निकाल टाकला होता. त्या निबंधातले एकही वाक्य मला त्या खोलीत आठवले नाही. ताईच्या घरी जाईपर्यंत मी एवढेच ठरवले की जे बोलायचे ते शब्दशः खोटे नसावे.

ताई स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. बरणी टेबलावर, खिडकीजवळ, उजेडात होती.

“तू वेडी नाहीस,” मी म्हणालो.

तिने ओट्याची कड धरली. मग ती खुर्चीवर बसली, आणि तिने इतका मोठा श्वास सोडला की तो तिने कित्येक आठवडे धरून ठेवला असावा.

“किती?” तिने विचारले.

“पाचातले दोन हिस्से गोटी. तीन हिस्से कारखान्यातली राख.”

“वेगळी करून दे.”

“ताई…”

“तू वेगळी केलीस म्हणूनच तुला कळलं ना, दोन आणि तीन? मग तशीच सगळी कर. मी थांबते. कितीही दिवस लागू देत.”

“ती कागदावर केली. दोन रेघा एकमेकींतून वजा केल्या. कागदावर वजाबाकी होते, ताई. बरणीत होत नाही.”

ती बरणीकडे पाहत राहिली. “एवढं शिकलास,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. नुसते ऐकलेले परत म्हणावे तसे ते होते. मग तिने विचारले, “कुणी केलं?”

“दाजी म्हणतात, त्यांच्या हातून सांडली.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. दाजी तसे म्हणतच होते.

“कुठे?”

“कारखान्यात.”

“आणि मग? झाडून टाकली? केरात?”

तिचा चेहरा मी पाहिला, आणि माझ्या तोंडून गेले, “नाही, नाही. केरात नाही. पिंपात आहे. दाजी रोज ढवळतात.”

तिला केवळ धीर द्यावा म्हणून मी ते बोललो. तो शब्द परत घेता आला असता तर मी घेतला असता.

“पिंपात कशी जाईल?” ताई हळूहळू म्हणाली. ती आता मला विचारत नव्हती. “सांडलेलं पिंपात कसं जाईल. वर चाळणी असते. चाळल्याशिवाय मी कुणाला चिमूट टाकू देत नाही. ह्यांना तर नाहीच.” तिच्या उजव्या हाताचा अंगठा तिच्याच बोटांवर फिरू लागला, काहीतरी चिमटीत धरून त्याचा पोत पाहावा तसा. “जाड होती,” ती म्हणाली. “त्या दिवशी राख जाड होती.”

“ताई.”

“चाळणीवर राहिली होती. मी ती चक्कीत…” ती थांबली. “मी ह्यांना म्हटलंसुद्धा. हे म्हणाले, बरं, सांगतो त्याला.”

वाद घालायला माझ्यापाशी अजून बरेच काही होते. एका स्मरणावरून निष्कर्ष काढू नये, पोत्यातली राखही कधी जाड येते, असे मी म्हणू शकलो असतो. दुसऱ्या कोणापाशी म्हटलेही असते. ती रडली नाही. तिने उठून गॅस बंद केला, टेबलावरची बरणी दोन्ही हातांनी उचलून कुशीत घेतली आणि मला म्हणाली, “दार लावून घे.”

रस्त्याने ती माझ्या पुढे चालली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने तिला काहीतरी विचारले, तिने ‘हो, नंतर’ असे उत्तर दिले. बरणी मी धरतो, असे मी एकदा म्हटले. ते तिने ऐकले नाही.

दाजींनी आम्हांला दारात पाहिले आणि ते वल्हे सोडून पुढे आले. “माझ्या हातून सांडली,” ते लगेच म्हणाले. “तुला सांगायला हवं होतं. मी घाबरलो. तू त्या वेळी जरा उभी राहत होतीस…”

ताई त्यांच्या बाजूने पुढे गेली आणि पिंपाशी थांबली. बरणी खाली ठेवून तिने वल्हे उचलले, वर धरले आणि त्यावरून मातीची धार खाली पडू दिली. धार शेवटपर्यंत अखंड पडली. तिने धारेत बोट घातले आणि अंगठ्याने चोळून पाहिले.

“ही माझी आहे,” ती म्हणाली.

“मी केली,” दाजी म्हणाले. “तू घरी होतीस तेव्हा.”

“तुम्ही?” ताईने त्यांच्याकडे पाहिले. “तुमच्या स्लिपमध्ये गाठी असतात. आयुष्यात एकदा केलीत, आणि बश्या वाकल्या. एवढी मऊ तुम्हाला कधी जमली?”

दाजींचे ओठ हलले. मग ते हसले, किंवा हसण्यासारखे काहीतरी त्यांच्या तोंडावर आले, आणि त्यातच त्यांचा चेहरा मोडला. इतक्या महिन्यांत मी त्यांना रडताना पाहिले नव्हते. त्यांनी एप्रनचा कोपरा तोंडावर धरला. ताई त्यांच्याजवळ गेली नाही. ती पिंपाच्या काठाला धरून उभी राहिली.

“मी दळली तिला,” ती म्हणाली. “वरती पाव खाल्ला.”

“तुला ठाऊक नव्हतं.”

“तुम्हाला ठाऊक होतं. आणि तुम्ही एकटे येऊन ढवळत होता.”

“बसते ना ती तळाशी,” दाजी म्हणाले.

भट्टीच्या खोलीत पत्र्यावर एक कबुतर चालल्याचा आवाज येत होता. मग ताई वाकली, तिने बरणीचे झाकण काढले आणि ती छातीपर्यंत उचलली.

“काय करतेस?” दाजींनी विचारले.

“थोडी इथे, थोडी तिथे. असं किती दिवस ठेवायचं तिला?”

मला तिला अडवावेसे वाटले. बरणीतल्या त्या दोन हिश्श्यांपलीकडे गोटीचे काहीही या जगात वेगळे उरले नव्हते, आणि पिंपात गेल्यावर तिचे प्रमाण इतके खाली येणार होते की कदाचित माझ्या यंत्रालाही ती धड दिसली नसती. हे सगळे माझ्या जिभेवर होते. ताईने माझ्याकडे पाहिले.

“आता तपासायचं नाही,” ती म्हणाली.

मी मान हलवली.

तिने ओतायला सुरुवात केली. एकदम नव्हे, पातळ धारेने, मनगट हळूहळू वळवत, जसे ती आयुष्यभर ओतत आली होती. या वेळी मधे चाळणी नव्हती. पांढरी धूळ थोडी वर उडाली आणि तिच्या बाहीवर बसली. दाजींनी वल्हे हातात घेतले.

“हळू,” ताई म्हणाली. “माती हवा धरते.”

“हळूच करतो आहे.”

“कडेने घ्या. मधे नाही.”

दाजींनी कडेने घेतले. राख पृष्ठभागावर क्षणभर कोरडी राहिली, मग ओली झाली, मग दिसेनाशी झाली.

“पुढे काय करायचं ह्याचं?” दाजींनी विचारले. “कप नाही करायचे.”

“नाही.”

“मग?”

“मला नाही माहीत,” ताई म्हणाली. “मला काही म्हणजे काही माहीत नाही.”

ती स्पंज भिजवून बरणीच्या आत फिरवू लागली. तळ, कडा, गळ्याजवळचा वळसा. स्पंज तिने पिंपावर पिळला, पुन्हा भिजवला, पुन्हा फिरवला, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग तिने बरणी उलटी धरून शेवटचा थेंब पिंपात पडू दिला. बाहीवरची धूळ तिने ओल्या बोटाने टिपली आणि ते बोटही मातीत बुडवले. एवढे झाल्यावर ती रिकामी बरणी घेऊन उभी राहिली. एकदा फळीकडे वळली, एकदा दाराकडे, आणि दोन्हीकडून परत फिरली. ती कुठे ठेवायची हे तिला कळेना, आणि दाजी ढवळत होते, म्हणून मी हात पुढे केला. तिने ती दिली नाही.